उशिराची ठिणगी

"आणि भर घाटात इंजिन फुटलं तर, चाचा?"

हा प्रश्न रात्रभर हेमांगीच्या उशाशी बसून होता. सकाळी कोल्हापुरातल्या दस्तगीर चाचांच्या गॅरेजात तिने पाऊल टाकलं, तसा तोच आधी तोंडातून बाहेर पडला.

टर्बोची गाडी तिच्या धाकट्या भावाची, निनादची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. रविवारी तो घाटातल्या शर्यतीत उतरणार होता, आणि इंजिन जुळवलं होतं तिने. चाचांच्या हाताखाली शिकल्यापासून तिच्या हातचं एकही इंजिन फुटलं नव्हतं. त्याचा तिला कोण अभिमान!

"काय केलंयस?"

"ठिणगी उशिरा. पेट्रोल सढळ. शंका आली तिथं आणखी मागे. ह्याहून जास्त कुणी जपूच शकणार नाही."

"मग झोप का नाही लागली?"

हेमांगी बॉनेट उघडायला वळली.

गाडीची चाकं जागच्या जागी फिरतील अशी रोलरवर होती. चाचांनी शटर खाली ओढलं, दिवा घालवला आणि आत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरला...

उघड्या बॉनेटखाली टर्बो, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा, उजळत गेला. आधी तांबूस. मग निखाऱ्यासारखा लालभडक.



"बंद करा, चाचा! जळेल तो!"

"जळणारच. उशिरा पेटलेलं पेट्रोल सिलिंडरात कुठलं संपतंय? पेटतच बाहेर पळतंय." चाचांनी पाय उचलला. "एवढं मागे कशाला घेतलंस?"

"ठिणगी लवकर पडली की इंजिन आतून खडखडतं. पिस्टनला भोक पडतं..."

"ती खडखड ऐकलीस कधी?"

"छे! कधी येऊच दिली नाही."

"म्हणजे वाघ बघितला नाहीस, पण गाव सोडून मोकळी."

टर्बो निवल्यावर चाचांनी इंजिनाला एक तांब्याची नळी जोडली. तिची रबरी टोकं, डॉक्टर घालतात तशी, हेमांगीच्या कानात घातली. ठिणगीची वेळ बदलायचा लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"घे पुढे. ऐकू येईस्तोवर."

"नको..."

"मी बसलोय ना इथं."

तिने कळ दाबली. ठिणगी जरा पुढे. आणखी जरा. इंजिन मोकळं होत चाललं, आणि तिचा श्वास कोंडत...

टक्.

रिकाम्या डब्यात एकच खडा हलावा, तसं.

तिने झटक्यात ठिणगी मागे घेतली. आवाज गेला. आणखी थोडी मागे घेतली, आणि तिथे थांबली.

चाचांनी पुन्हा तेवढाच वेळ ॲक्सिलरेटर दाबून धरला. ह्या खेपेला काळोखात निखारा दिसला नाही.

शटर वर गेलं. बाहेर निनाद हात पुढे करून उभा.

"ताई, झालं का? का आता ओवाळून पाठवणार आहेस?"

किल्ली तिच्या मुठीत होती. मूठ उघडेना.

"चाचा... आता ह्याला काही होणार नाही ना?"

चाचा फडक्याला हात पुसत राहिले...

"माझा थोरला रोज त्याच घाटातनं ट्रक उतरवतो, पोरी. तो घरी येईस्तोवर माझाही डोळा लागत नाही. दे किल्ली."