पाठमोरा वाटा

शिंपलगडच्या राज्यात कोळशाच्या भट्ट्या एवढ्या धडधडू लागल्या की हवा तापली आणि समुद्र दरसाल वीतभर पुढे सरकू लागला. भट्ट्या किती ठेवायच्या ते ठरवायला महाराजांनी दिवाण त्र्यंबकपंतांना सांगितलं.

"हजार चालू द्या, महाराज," पंत ऐटीत म्हणाले. "बुडल्या तर किनाऱ्यावरच्या चार झोपड्या बुडतील. बाकीचं नुकसान पणतवंडांच्या काळातलं. ते आज कशाला धरायचं?"

किनाऱ्यावरची धाकलीबाय कोळीण दरबारात पुढे आली. "पंत, आमच्यात मासळीचे वाटे घालताना एक जण पाठ फिरवून बसतो. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, 'हा कुणाचा?' पाठमोरा न बघता ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. बसा बघू तसे."

पंत हसतच पाठमोरे बसले. तिने तीन शिंपले मांडले.

"एक राजवाड्यातला जन्म, एक किनाऱ्यावरच्या झोपडीतला, एक शंभर वर्षांनंतरचा. मी एकावर बोट ठेवलंय, तो जन्म तुमचा. आता सांगा, भट्ट्या किती?"

पंत बोटांवर मोजू लागले.

"पन्नास," ते पुटपुटले. "नको, नको! दहाच!"

मग त्यांनी वळून पाहिलं. बोट राजवाड्याच्या शिंपल्यावर होतं.

"अरेच्चा! मग हजारच..."

"पंत," धाकलीबाय शांतपणे म्हणाली, "वाटा बघून बोललेलं आमच्यात धरत नाहीत."

महाराज सिंहासनावरून उठले, तिला हात जोडले आणि हुकुमावर दहाचा आकडा घातला.