दम धरणाऱ्यांचं गाव

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा प्राणी माणसांशी बोलत असत, आणि माणसं अधूनमधून त्यांचं ऐकतही असत.

एका गावाच्या डोक्यावर मोठा तलाव होता. तलावाला मातीचा उंच बांध होता आणि बांधाच्या पायथ्याशी, अगदी त्याच्या सावलीत, खालची आळी होती. वरच्या अंगाला जाणत्यांची घरं होती. जाणते म्हणजे गावातली वडीलधारी माणसं. त्यांच्याकडे कोणी काहीही घेऊन गेलं तरी उत्तर एकच मिळे: "जरा दम धर." छप्पर गळतंय, दम धर. लग्न रखडलंय, दम धर. सून अडली आहे, सुईणीला बोलावू का? दम धर.

हा शब्द त्यांना इतका आवडे की त्यांनी त्याचा खेळच केला होता. दर वर्षी जत्रेत गावातली तरणी पोरं तलावाच्या तळाशी जाऊन बसत. डोळे मिटायचे, दम धरायचा आणि हलायचं नाही. जो सगळ्यांत शेवटी वर येईल त्याला चांदीचं कडं मिळे आणि जाणते त्याचं एक मागणं ऐकून घेत. तरुण माणसाचं बोलणं त्या गावात वर्षातून तेवढं एकदाच ऐकलं जाई.

डोळे का मिटायचे, तर तळाशी देवी आहे आणि तिला पाहणारा आंधळा होतो, असं जाणते सांगत. जाणत्यांपैकी कोणी कधी तळाशी गेलेलं नव्हतं.

खालच्या आळीत सारजा नावाची एक मुलगी राहत असे. तिच्याइतका दम साऱ्या पंचक्रोशीत कोणाचा नव्हता. तिला कडं हवं होतं आणि त्यासाठी ती रोज तलावात जाऊन बसे.

एके दिवशी ती वर आली तेव्हा काठावर एक म्हातारं पाणमांजर मासा खात बसलं होतं. त्याच्या मिशा पिकल्या होत्या आणि शेपटीचं टोक तुटलेलं होतं.

"खाली जाऊन करतेस काय?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बसते," सारजा तोऱ्यात म्हणाली.

"दगड तुझ्याहून जास्त वेळ बसतात. त्यांना कडं घालतात का तुमच्या गावात?"

सारजाला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच जागी आली, कारण तिला उत्तर सुचलं नव्हतं.

असं ते पाणमांजर तिचा गुरू झालं. गुरूसारखं ते काहीच करत नसे. तिच्या पाया पडण्यावर ते शिंकायचं. तिला तळाचा एक शिंपला या काठावरून त्या काठावर न्यायला लावायचं आणि नेला की म्हणायचं, आता जिथला होता तिथे ठेवून ये, त्याचं घर आहे ते. कधी दिवसभर काहीच शिकवायचं नाही, नुसतं पोटावर ऊन घेत पडायचं.

मग एकदा ते म्हणालं, "दम धरता येतो तुला. सोडता येतो का?"

त्यानं तिला तळाशी गेल्यावर हळूहळू श्वास सोडायला शिकवलं. पहिल्यांदा ती घाबरून वर आली. पुढे जमायला लागलं. श्वास सुटला की अंग जड होऊन खाली जाई आणि मन हलकं होई. कडं, जत्रा, कोण किती वेळ बसलं, सगळं सुटत जाई. उरे ते पाणी, आणि पाण्यात कुठेतरी ती.

"आता डोळे उघड," पाणमांजर म्हणालं.

"आंधळी होईन."

"आत्ता काय आहेस?"

सारजानं डोळे उघडले. देवी काही दिसली नाही. हिरवा उजेड दिसला, गवत दिसलं, आणि बांधाच्या मुळाशी दोन दगडांमध्ये एक भोक दिसलं. तिचे मोकळे केस त्या भोकाकडे ओढले जात होते. तिनं हात पुढे केला, तर पाणी तिचा हातही ओढायला लागलं.

तेव्हा तिला घरामागचं अळू आठवलं. खालच्या आळीत भर उन्हाळ्यातही परसात ओल असे आणि तिच्या आईच्या अळवाची पानं सुपाएवढी होत. देवीची कृपा म्हणून जाणते त्या ओलीला दरवर्षी हळदकुंकू वाहत. ती कृपा नव्हती. तलाव आळीत उतरत होता.

ओल्या कपड्यांनीच ती जाणत्यांकडे गेली. बांधाला भोक पडलंय, तलावाची मोरी उघडून पाणी सोडा, आळी रिकामी करा, असं तिनं सांगितलं. जाणत्यांनी एवढंच विचारलं, की तू डोळे उघडलेस? मग त्यांचं आपसात बोलणं झालं. हा बांध आमच्या आजोबांनी घातलाय, कोणी म्हणालं. या वयात रक्त गरम असतं, दुसरं कोणी म्हणालं. सगळ्यांत थोरले आजोबा होते, ते मायेनं हसले. "जत्रा होऊ दे, पोरी. मग बघू. जरा दम धर."

सारजा तणतणत काठावर आली. म्हणाली, "जत्रेत जिंकीन आणि मोरी उघडा म्हणून मागणं मागीन. मग ऐकावंच लागेल."

"बोलायला कडं लागतं?"

"या गावात लागतं."

पाणमांजरानं मिशा पुसल्या. "तुमची जत्रा कधी आहे ते पाण्याला ठाऊक नाही, बाई," ते म्हणालं. सारजानं ते ऐकलं. तरी ती जत्रेसाठी थांबली. ज्यांच्यावर ती चिडत होती, त्यांचंच तिनं ऐकलं.

जत्रेचा दिवस उजाडला. जाणते काठावरच्या उंच दगडी ओट्यावर बसले. खालच्या आळीत चुली पेटल्या, कारण जत्रेच्या पुरणपोळ्या तिथल्या बाया करत. पोरं पाण्यात उतरली आणि डोळे मिटून तळाशी बसली.

सारजाचे डोळे उघडे होते. भोकाजवळचा गाळ गरगरत होता. बघता बघता एक दगड आत सरकला आणि दिसेनासा झाला.

तिच्या छातीत अजून भरपूर दम होता. आणखी थोडं बसली असती तर कडं तिचंच होतं आणि साऱ्या गावाला तिचं ऐकावं लागलं असतं. आत्ता वर गेली तर ती फक्त एक हरलेली पोर असणार होती. हे सगळं तिला कळत होतं. तिनं दम सोडला आणि ती सगळ्यांच्या आधी वर आली.

काठावर हशा पिकला. बांध चाललाय, ती ओरडत होती, पोरांना वर काढा, आळीतून बाहेर पडा. "हरली की बांध फुटतो वाटतं," कोणीतरी म्हणालं आणि हशा आणखी वाढला. थोरल्या आजोबांनी हातानंच तिला खाली बस म्हणून खुणावलं.

ती आळीकडे धावत सुटली.

लहान मुलांना वाटलं, खेळ आहे. ती तिच्याबरोबर पळाली. दोघीतिघींनी तिचा चेहरा पाहिला आणि तान्ही उचलली. सारजाची आई चुलीपुढे होती.

"आई, ऊठ. पाणी येतंय."

"तव्यावरची एवढी उतरू दे."

सारजानं तिचा हात धरून ओढलं. आईनं पिठाचा हात सोडवून घेतला. "आले म्हटलं ना. जरा दम धर."

सारजानं शेजारणीची दोन पोरं कडेवर उचलली. ती त्यांना घेऊन टेकाडावर चढली, त्यांना खाली ठेवलं आणि आईसाठी परत वळली. तेवढ्यात जुनं कापड फाटावं तसा आवाज झाला, आणि वळून जायला आळी राहिली नाही.

तळाशी बसलेली पोरं पाण्याबरोबर ओढली गेली. काही झाडांना अडकून वाचली. ज्यानं सगळ्यांत चांगला दम धरला होता, तो कधीच सापडला नाही. जाणते उंचावर होते. त्यांच्या धोतराचा सोगाही भिजला नाही.

सारजा दिवसभर त्या गढूळ पाण्यात बुड्या मारत राहिली आणि पाणमांजर तिच्या अंगाला अंग लावून पोहत राहिलं. श्वास सोडून ती खोल जाई, डोळे उघडे ठेवी, आणि एकेकाला वर आणी. शिकलेलं सगळं उपयोगी पडत होतं, आणि वर आणलेल्यांपैकी कोणीच श्वास घेत नव्हतं. ऊन उतरताना तिला आई सापडली, परसात, अळवाच्या वाफ्यात. नखांत अजून पीठ होतं.

थोरले आजोबा ओट्यावरून उतरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "दम धर, पोरी."

"मी दिवसभर तेच करतेय, आजोबा," सारजा म्हणाली. "दम तिचा संपला."

सुतक फिटल्यावर जाणत्यांनी तिला बोलावलं. त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ पाण्याखाली हीच होती, तेव्हा कडं हिलाच, असं त्यांचं ठरलं होतं. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वर, तुझं मागणं सांग, असंही ते म्हणाले.

"यापुढे या गावात कोणी कोणाला दम धर म्हणायचं नाही," सारजा म्हणाली. "एवढंच."

जाणत्यांची कुजबुज झाली. थोरले आजोबा खाकरले. "मागणं मोठं आहे. विचार करून सांगू. तोवर जरा दम धर."

सारजानं कडं ओट्यावर ठेवलं आणि ती नदीच्या वाटेनं निघून गेली. पाणमांजर तिच्या पुढे चाललं होतं. पुन्हा ती त्या गावात कोणाला दिसली नाही.

गावानं बांध पुन्हा त्याच जागी बांधला. त्याच्या सावलीत पुन्हा आळी वसली. तिथे घरांमागे भर उन्हाळ्यात ओल असते म्हणे, आणि अळू छान येतं.

तात्पर्य: ज्याचं नाक पाण्याच्या वर आहे, त्यानं बुडणाऱ्याला दम धरायला सांगू नये.