गुणाजीने ओळखलेल्या खुणा

माळावरच्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. नाव ठेवताना आईबापांनी घाई केली, दुसरं काय! पण सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करी. गावाला त्याची भीती वाटे ती त्यामुळेच.

त्याच्या दारात चांदणी नावाची गाभण शेळी होती. ती त्याच्या सासऱ्यांची, बाजीबांची. त्यांनी ती लेकीला अर्धलीने दिली होती. म्हणजे सांभाळायची यांनी आणि करडं निम्मी निम्मी. मागच्या खेपेला चांदणी माळावर व्याली, तेव्हा गुणाजी शेजारीच बसून ढग बघत होता. करडू कुत्र्यांनी नेलं. "औंदा करडू गेलं तर शेळी माघारी नेईन," असं बाजीबांनी बजावलं होतं. गुणाजीची बायको शेवंता तेव्हापासून धास्तावली होती. दारात आपलं म्हणावं असं एक तरी जनावर असावं, एवढीच बिचारीची हौस.

आणि नेमकं आजच तिला बाजाराला जाणं भाग होतं.

"अहो, दिवस भरल्यात चांदणीचे," ती निघताना म्हणाली. "पायानं भुई उकराय लागली की समजा, व्यायला झाली. खाली कोरडं गवत टाका, पाणी कोमट करा. काय अडलं तर आवडाईला विचारा."

"विचारतो की," गुणाजी म्हणाला.

तो भुईवर नजर लावून बसला. थोड्या वेळात भुई उकरली गेली. उकरणारा शेजारचा काळा कुत्रा होता, पण खूण ती खूण. गुणाजीने त्याच्याखाली गवत पसरलं, कोमट पाणी आणलं आणि मायेने त्याचं पोट चोळायला घेतलं. कुत्र्याने त्याची पोटरी धरली.

समोरच्या ओट्यावर आवडाई बसलेली असे. म्हातारीने जन्मभर अडलेल्या शेळ्या सोडवल्या होत्या, आता गुडघे गेले होते. गुणाजी लंगडत तिच्याकडे गेला.

"आवडाई, व्यायच्या आधी चावत्यात का गं?"

"शेळी चावली?"

"न्हाई, कुत्रा."

आवडाईने कपाळाला हात लावला. "अरं, कास बघावी! कास भरून तटतटली की व्यायला झाली."

"असं व्हय!" म्हणत गुणाजी वळला, तर समोरच तटतटलेली कास. शेजारच्या हणमाची म्हैस पिळायची राहिली होती आणि हणमा चरवी घेऊन येत होता. गुणाजी आडवा झाला.

"हात लावू नगंस. व्यायला झालीया."

"अरं, गेल्या म्हयन्यातच व्यालीया ती!"

"मग सवय आसंल तिला."

म्हशीने लाथ झाडली. उरलेलं हणमाने समजावलं, चरवीने.

टेंगूळ चोळत गुणाजी पुन्हा ओट्याशी आला. आवडाईने या वेळी बोटं मोजून सांगितलं. "खाणं टाकती. कोपरा धरती. कण्हती. उठबस करती. मागं वळून बघती. हे समदं एका जाग्याला दिसलं की गोठ्यात बांध. दुसरं जनावर जवळ ठेवू नगंस. आन करडामागनं पोटातली वार पडती, ती पडल्याबिगर दावं सोडू नगंस."

गुणाजीने सगळं घोकून पाठ केलं. घरी येतो तो दारात बाजीबा. एका बारशाला जाऊन, जिलेबीवर आडवा हात मारून, शेळी बघायला आले होते. जावयाने नवी गोधडी अंथरली, भाकरी पुढे केली.

"नगं," बाजीबा म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन बसले. कण्हले. उठले. बसले. लेक आली का म्हणून मागे वळून दाराकडे पाहिलं.

गुणाजीची पाची बोटं मिटली. त्याला गहिवरून आलं. मामांनी एवढी गोष्ट घरात कुणाला कळू दिली नव्हती!

"मामा, कवापास्नं हाय?"

"सकाळधरनं. पोट गच्च झालंय. कायतरी करा, जावईबापू."

"करतो की."

त्याने सासऱ्यांना धरून गोठ्यात नेलं, गवतावर बसवलं, कमरेला दावं आवळलं. पोट बांधण्याचा हा काही घरगुती उपाय असेल, असं समजून बाजीबांनी दोन्ही हात वर धरले. खुंट्याला गाठ बसली तेव्हा त्यांना शंका आली, पण गाठ पक्की होती.

चांदणी तिथेच भुई उकरत होती. कास तटतटली होती, मागून चिकट तार लोंबत होती. गुणाजीने तिला बाहेर हाकललं. "जा बाई. आज घरात अडचण हाय. तुझं नंतर बघू."

चांदणी शहाणी. ती सरळ घरात गेली.

दिवस कलताना शेवंता परतली. आतून बारीक बें बें ऐकू आलं. नव्या गोधडीवर चांदणी दोन करडं चाटत होती. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या, आणि दोन्ही धडधाकट. शेवंताला रडूच आलं. एक आता आपली, हक्काची!

तेवढ्यात गोठ्यातून हंबरडा आला. "शेवंते, सोडव गं मला!"

ती धावली. दारात गुणाजी, हातात कोमट पाण्याचं घमेलं. आत खुंट्याला बाप.

"अगं बाई! अहो, सोडा की त्यांना!"

गुणाजी दारात आडवा झाला.

"सोडतो की. वार तर पडू दे."