गजराबाईचे माठ आणि निवृत्तीचा ब्रेक

घाटावरच्या एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा गडी होता. माणूस कामाचा. फक्त सांगितलेलं काम करायचा, एवढीच पंचाईत. रंगनाथ मिस्त्रींनी त्याला गॅरेजात ठेवून घेतला होता. दया, दुसरं काय!

अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर गजरा कुंभारणीचा जुना ट्रक दारात आला. मागं पेंढ्यात बसवलेले माठ, हिवाळाभर राबून घडवलेले. घाट उतरून बाजार गाठायचा होता आणि ब्रेक धड लागत नव्हते. गॅरेज उतारावर. मिस्त्रींनी चाकांखाली दगड लावले.

"निवृत्ती, ब्रेकचा सिलिंडर उघड आणि आत गंज आहे का बघ."

निवृत्तीनं उघडला, बघितला, परत बंद केला.

"आहे," तो म्हणाला.

"अरे, नुसतं बघतोस काय? तांबडं दिसलं की पॉलिश पेपरनं घासायचं!"

निवृत्तीनं सगळे सिलिंडर घासले. ट्रकच्या कपाळावर तांबड्या अक्षरांत 'आईची कृपा' लिहिलं होतं. मग त्यानं कृपाही घासून काढली.

गजराबाईनं बोटं मोडली. मिस्त्रींनी कपाळ बडवून घेतलं.

"हे सिलिंडरचे नवे रबर धू. डिझेल नको, फुगतील. रबर ब्रेक ऑइलनंच धुवायचं."

रबर धुऊन झाले. शेजारी मिस्त्रींच्या चपला होत्या. चिखलानं माखलेल्या, आणि रबरीच. निवृत्तीनं त्याही धुतल्या, डबा संपेपर्यंत.

"यापुढं स्वतःचं डोकं चालवलंस तर बघ! मी सांगेन तेव्हाच करायचं!"

मिस्त्रींनी नवा डबा आणला, सिलिंडर जोडले. आता पाइपातली हवा काढायची राहिली. निवृत्तीला केबिनमध्ये बसवून ते ट्रकखाली शिरले.

"मी 'दाब' म्हटलं की ब्रेक दाब. 'सोड' म्हटलं की सोड."

"दाब!" दाबला. "सोड!" सोडला. एकही चूक नाही. मिस्त्रींना गहिवरून आलं. बाहेर येऊन त्यांनी खुशीत दगड काढले.

ट्रक हलला. उताराला लागला.

"अरे, ब्रेक मार! थांबव!" मिस्त्री मागून धावत सुटले. निवृत्ती पेडलवर पाय टेकवून शांत बसला होता. 'दाब' कुठं म्हणाले होते?

मिस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडला. "दाब!"

ट्रक जागच्या जागी थांबला. एकाही माठाला तडा नाही. ब्रेक अव्वल झाले होते.

धापा टाकत गजराबाई आली आणि तिनं मिस्त्रींची कॉलर धरली. "माझे माठ गेले असते म्हंजे? कुठल्या येड्याच्या हाती दिली माझी गाडी?"

मिस्त्रींचा गळा आवळला.

"सोड! अगं बाई, सोड!"

निवृत्तीनं लगेच सोडला.

ट्रक थेट खालच्या चिंचेवर जाऊन आदळला. खापरांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग निवृत्तीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री, आता दाबू का?"