घाटासाठी बल्ब

“याच्याहून जास्त उजेडाचा नाही का?”

जयसिंग इंगवल्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हातातला साधा बल्ब कासम मिस्त्रींनी कापडात धरला होता आणि ते तो काउंटरवर तसाच धरून उभे होते.

आंबोलीत घाट सुरू होतो तिथे मिस्त्रींचं दुकान. गाड्यांची वायरिंग, दिवे, हॉर्न, एवढंच काम. ऑगस्टातली सकाळ होती, साडेदहा वाजले होते, आणि दारासमोरचा रस्ता धुक्यात नाहीसा झाला होता. आधी आवाज यायचा, गाडी बऱ्याच वेळाने दिसायची.

इंगवल्यांची गाडी दाराशी लावलेली होती. डावा हेडलाइट वाटेत गेला होता. बंपरमधले दोन्ही फॉगलॅम्प कधीपासूनच बंद. मागच्या सीटवर त्यांची बायको शैला फोन हातात धरून बसली होती. पहाटे तिचे वडील बांद्याला वारले होते. भावाने कळवलं होतं, एक वाजेपर्यंत थांबतो, त्यापुढे लोक थांबायचे नाहीत.

या धुक्यात बांदा म्हणजे दीड तास. कदाचित दोन.

इंगवले गडहिंग्लजचे. तिथे त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अठरा वर्षांत हजारभर माणसांना त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं आणि स्वतःच्या गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. हे आणि सासरे गेल्याचं त्यांनी दुकानात शिरता शिरताच सांगून टाकलं होतं. घाट आपल्याला पाठ आहे, फक्त दिसलं पाहिजे. तेव्हा पांढरा लख्ख, असेल त्यातला सगळ्यात जास्त वॅटचा बल्ब द्या, आणि फॉगलॅम्पलाही तसलेच घाला.

मिस्त्रींनी गेलेला बल्ब काढून पाहिला. निळसर काचेचा, शंभर वॅटचा. त्याच्या उष्णतेने होल्डरचं प्लॅस्टिक वितळून त्याला चिकटलं होतं.

“किती दिसायला हवं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“जितकं दिसेल तितकं.”

मिस्त्रींनी दाराजवळच्या बॅटरीला वायरी जोडल्या. एका जुन्या हेडलाइटमध्ये तसलाच निळसर बल्ब बसवला आणि तो दारातून सरळ रस्त्याकडे धरला.

दारात पांढरी भिंत उभी राहिली. समोर दहा पावलांवर दगडी कठडा होता, तो गेला. गाडीचं बॉनेटही अर्धं दिसेना. इंगवल्यांनी डोळे बारीक केले.

मिस्त्रींनी बल्ब बदलला. साधा, पिवळसर उजेडाचा. हेडलाइट त्यांनी खाली, गुडघ्याजवळ आणला आणि तोंड जमिनीकडे केलं.

रस्त्याची कड दिसली. तिच्यावरचा पांढरा पट्टा दिसला. मग कठड्याचा पहिला दगड, दुसरा…

“उजेड कमी आहे,” इंगवले म्हणाले.

“हो.”

“मग?”

मिस्त्रींनी वायरी काढल्या.

इंगवल्यांना राग आला. घड्याळात पावणेअकरा झाले होते. ते म्हणाले, प्रयोग दाखवायला आपल्याला वेळ नाही, आणि उजेडाचा उपयोग फक्त बघायलाच होतो असं नाही. समोरच्याला बाजूला व्हायला लावायलाही होतो. घाटात ज्याचा दिवा मोठा त्याला वाट मिळते. मागच्याच गुरुवारी, सासऱ्यांना भेटून परत वर येत असताना, दुपारी चारच्या सुमाराला एक मोटारसायकलवाला धुक्यातून अगदी रस्त्याच्या मध्ये आला होता. आपण त्याच्या डोळ्यांवर फुल बीम टाकला आणि तसाच ठेवला. झाला की नाही बाजूला. नाहीतर आदळलाच असता. अठरा वर्षांचा अनुभव नसता तर कुणी ब्रेक मारला असता आणि मागून दुसऱ्याने ठोकलं असतं.

मिस्त्रींचे हात थांबले.

दुकानाच्या आतल्या बाजूला त्यांचा मुलगा नझीर बाकावर बसून वायर सोलत होता. चाळिशीचा माणूस. बापाच्या हाताखाली शिकलेला, आता त्याच्याइतकाच तयार. त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि एका खोक्यावर लांब केलेला होता. इंगवल्यांनी आल्यापासून त्याच्याकडे एकदाच पाहिलं होतं.

“कुठल्या वळणावर?” मिस्त्रींनी विचारलं.

“धबधब्याच्या खालचं. मोठं वळण.”

“मग तो कुठे गेला?”

“गेला असेल आपल्या वाटेने. आरशात नुसतं धुकं होतं.”

आत वायर सोलायचा आवाज बंद झाला.

नझीर भिंतीला धरून उठला. कुबडी घेतली. एक एक पाऊल टाकत काउंटरपाशी आला. तिथे इंगवल्यांनी ठेवलेली गाडीची किल्ली पडली होती. ती त्याने उचलली आणि मूठ मिटली.



इंगवल्यांनी आधी मुठीकडे पाहिलं, मग पायाकडे. प्लास्टर नवं होतं, पांढरं. त्यांचा चेहरा उतरला.

नझीर हळू आवाजात बोलला, बापाशी. म्हणाला, निळा पांढरा उजेड होता. हटतच नव्हता. मी मध्ये नव्हतो, अब्बा, मी माझ्या बाजूला होतो. कठडा कुठे आहे तेच दिसेना. मोटारसायकल कठड्यावर आपटली आणि मी आतल्या बाजूला पडलो. बाहेरच्या बाजूला पडलो असतो तर आज हे कोणाला सांगत बसलो नसतो.

मग तो इंगवल्यांकडे वळला.

“अर्धा तास पडून होतो मी तिथे. तुमची गाडी थांबल्याचा आवाज येतो का, म्हणून ऐकत होतो.”

दारात शैला उभी होती. इतका उशीर का होतोय ते बघायला ती गाडीतून उतरली होती आणि तिने शेवटचं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे सकाळपासून रडून सुजले होते.

“मी तेव्हाच म्हटलं होतं, थांबा,” ती नवऱ्याला म्हणाली. “काहीतरी आपटल्यासारखं झालं म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, दगड असेल.”

दुकानासमोरून एक एसटी गेली. आधी घरघर, मग दोन मळके पिवळे दिवे, मग काहीच नाही. शैलाच्या हातातला फोन वाजायला लागला. तिने पाहिलं. भावाचा होता. तिने तो उचलला नाही, वाजू दिला.

मिस्त्रींनी नझीरपुढे हात केला. तळवा वर.

नझीरने मूठ सोडली नाही. त्याने बापाला विचारलं, ह्यांची गाडी तुम्ही दुरुस्त करणार? मिस्त्री तसेच उभे राहिले, हात पुढे करून. फोन वाजून वाजून थांबला.

शेवटी नझीरने किल्ली त्या हातावर ठेवली आणि तो मागे वळून बाकावर जाऊन बसला.

मिस्त्री कामाला लागले. घाई नाही, उशीरही नाही. त्यांनी जळालेला होल्डर कापून टाकला आणि नवा जोडला. दोन्ही हेडलाइटमध्ये साध्या वॅटचे, एकाच जोडीचे बल्ब बसवले. काचेला बोट लागू दिलं नाही. उजवा निळा बल्ब चांगला चालत होता. इंगवले काही म्हणायच्या आत त्यांनी तोही काढला आणि पत्र्याच्या डब्यात टाकला. मग ते गुडघ्यावर बसले आणि बंपरखाली हात घालून फॉगलॅम्पचे पिवळे बल्ब बसवले. सत्तरी गाठलेला माणूस ओल्या जमिनीवर एका कुशीवर झाला आणि त्याने दोन्ही बाजूंच्या वायरी ओढून पाहिल्या.

इंगवले मदतीला वाकले. मिस्त्रींनी त्यांना मानेनेच थांबवलं.

गाडी दारातून दिसणाऱ्या बाजूच्या भिंतीसमोर लावून दिवे चालू केले. भिंतीवर खडूची एक आडवी रेघ होती. उजेड तिच्या वर जाता कामा नये. मिस्त्री हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवत होते, पण दिव्याशी वाकून त्यांना भिंत नीट दिसत नव्हती. त्यांनी नझीरला हाक मारली नाही. नुसते थांबले.



“डावा अजून थोडा खाली,” आतून नझीर म्हणाला.

मिस्त्रींनी स्क्रू फिरवला.

“अजून. बस.”

सव्वाअकरा वाजले होते. मिस्त्री उठले, हात पुसले आणि किल्ली इंगवल्यांना दिली.

इंगवले आत गेले आणि नझीरसमोर उभे राहिले. काय म्हणाले ते कोणाला नीट ऐकू गेलं नाही. हात जोडले एवढं दिसलं. परत येताना इथे थांबेन, पोलिसांत जे सांगायचं ते माझं मी सांगेन, असं काहीतरी ते म्हणत होते. नझीरने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग, न बघताच, तो म्हणाला, बाईंचे वडील वाट बघतायत, निघा आता.

शैला आता पुढच्या सीटवर बसली होती. इंगवले गाडीचं दार उघडून तसेच थांबले. त्यांच्याच्याने बसवेना.

“चाचा,” ते म्हणाले. इतका वेळ ते मिस्त्री म्हणत होते.

मिस्त्रींनी वर पाहिलं.

“मी वळणाचं नाव घेतलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही इतकं मन लावून… एक बल्ब ढिला ठेवला असता, तरी मला कळलं नसतं.”

मिस्त्री रस्त्याकडे बघत होते. धुकं तसंच होतं. खालून कुणीतरी चढत येत होतं. नुसता आवाज, अजून काही दिसत नव्हतं.

“तुमच्या समोरून कोण येतंय,” ते म्हणाले, “ते मला ठाऊक नाही.”