नाजूक पिल्लांचं खोकं

“आता बघायचं तरी काय राहिलंय, चाचा?” शेवंताने विचारलं.

तिच्या डाव्या हातात दीड महिन्याचं पिल्लू होतं आणि उजव्या हातात लाल दोरा. समोर वाडीतल्या बाया आपापली पिल्लांची डालगी घेऊन ओळीनं बसल्या होत्या.

“दोन्ही पाय बघ,” चाचा म्हणाला.

“बघितले. जाड हायत. तुराही लाल धरलाय. गावरान कोंबडा!” आणि शेवंताने दोऱ्याची गाठ मारूनही टाकली.

जानुबाईच्या जत्रेआधी तीन महिने या वाडीत दोरे बांधायचा दिवस येतो. घरटी एक कोंबडा देवीचा. तो पिल्लू असतानाच त्याच्या पायात दोरा बांधतात, आणि एकदा मारलेली गाठ सोडत नाहीत. देवीला कोंबडाच चालतो. चुकून तलंगेच्या, म्हणजे अंड्यावर यायच्या कोंबडीच्या पायात दोरा पडला, तर ती ना देवीची, ना घरची. तिला माळावर सोडून द्यायचं. माळावर कोल्ही आहेत. पुढचं सांगायला नको.

म्हणून पारख करणारा माणूस पक्का लागतो. तो माणूस म्हणजे मुलाणी चाचा. देवळापुढच्या लिंबाखाली, फळ्यांच्या एका मजबूत खोक्यावर घोंगडी टाकून तो चाळीस वर्षं बसत आला. एखादं पिल्लू हातात फार वेळ रेंगाळलं की म्हणायचा, “जरा नाजूक दिसतंय. राहू दे माझ्याजवळ. पंधरा दिवसांनी ये, मग बघू.” आणि ते खालच्या खोक्यात सरकवायचा. बाया त्या खोक्याला चाचाचा दवाखाना म्हणायच्या.

शेवंता चार वर्षं चाचाच्या हाताखाली होती, पण त्या खोक्यात तिने कधी डोकावलं नव्हतं. आजारी पिल्लांत बघायचं काय? तिला धडधाकट पिल्लं हवी असत, आणि चारचौघांत भराभर सांगायला मिळायला हवं असे.

यंदा चाचाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आज तो ती जागा कुणालातरी देणार, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. शेवंताला ती जागा हवी होती. इतकी, की तिने लग्नातली हिरवी साडी नेसली होती, कोंबड्यांच्या कामाला! पहिल्या ओळीत तिची सासू बसली होती. ‘पिल्लं चिवडत बसते नुसती,’ असं चार वर्षं म्हणणारी सासू.

“पुढचं,” चाचा म्हणाला.

“तलंग. कडकनाथाची मिसळ हाय. जीभ बघा, काळी.”

“पुढचं.”

“उघड्या मानेचं. कोंबडा.”

“पुढचं.”

“तलंग. ही बी तलंग. आन् ह्यो कोंबडा, आतापास्नंच भांडतोय.”

बाया हसल्या. कुणीतरी म्हणालं, “चाचापेक्षा झपाझप सांगती की!” सासूने पदर सारखा केला आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाली, “आमची सून हाय.”

शेवंताने ते ऐकलं. तिचा ऊर असा भरून आला की क्षणभर तिला दोराच सापडेना. तो तर हातातच होता.

मग हौसाबाई पुढे आली. म्हातारी एकटी राहायची. तिच्या डालग्यात एकच पिल्लू होतं, बाकीची नऊ मुंगसाने नेली होती. पिल्लू उंच, ताठ मानेचं, पाय खांबासारखे. शेवंताने ते उचललं तरी ते दबलं नाही, उलट तिच्याकडेच रोखून बघत राहिलं.

“असील, झुंजीच्या जातीचं,” शेवंता म्हणाली. “कोंबडा. डोळे मिटून सांगते.”

“उघडून सांग,” चाचा म्हणाला.

बाया पुन्हा हसल्या. शेवंताही हसली, कारण आज तिला कशाचाच राग येणार नव्हता. तिने दोरा पिल्लाच्या पायाभोवती फिरवला. पहिला वेढा घातला.

“बाई…” हौसाबाई हळूच म्हणाली. “तलंग असंल तर माझं पुन्यांदा खुराडं भरंल. पक्कं कोंबडाच हाय न्हवं?”

शेवंताचा हात थांबला.

तिने पिल्लू उन्हाकडे धरलं. तुरा होता, पण असीलचा तुरा या वयात चपटाच असतो, कोंबड्याचाही आणि तलंगेचाही. रंग फिकट लाल. आणखी लाल असता तर… आणखी फिकट असता तर… पाय जाड होते, पण असील तलंगेचेही पाय जाडच. मानेची पिसं अजून आखूड होती, त्यांना टोक यायचं होतं. ताठ उभं राहणं? ते तर या जातीचं रक्तच.

ओळ थांबली होती. सासू बघत होती. सगळी वाडी बघत होती.

कोंबडा म्हटलं तरी खपलं असतं. पुढच्या तीन महिन्यांत कळलंच असतं, पण तोवर ती त्या खोक्यावर बसलेली असती. आणि निम्म्याने बरोबर यायचीच शक्यता होती. निम्म्याने.

पिल्लू अजून तिच्याकडेच बघत होतं.

“सांग की,” मागून कुणीतरी म्हणालं.

शेवंताने दोऱ्याचा वेढा काढून घेतला. गाठ अजून बसायची होती, म्हणून दोरा सुटला.

“मला कळत न्हाय,” ती म्हणाली.

“काय?” सासूने विचारलं. “काय म्हनालीस?”

“कळत न्हाय मला!” शेवंता मोठ्याने म्हणाली. तिचे कान तापले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आपण हिरवी साडी का नेसलो असं तिला झालं होतं. तरी मान मात्र तिने खाली घातली नाही. ती पिल्लासारखीच ताठ उभी राहिली.

बायांत कुजबुज सुरू झाली.

मग चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठला. ओळ संपायच्या आधी चाचा उठलेला वाडीत कुणी पाहिला नव्हता. त्याने घोंगडीची कड वर केली आणि खोक्याची एक फळी सरकवली.

“ठेव त्यात.”

शेवंता वाकली.

आत सकाळी चाचाने ठेवून घेतलेली तीन पिल्लं होती. एक असील, एक गावरान आणि एक कसलीतरी मिसळ. त्यांच्यात नाजूक एकही नव्हतं. तिन्ही दाणे टिपत होती, एकमेकांना ढुशा देत होती, डोळे लखलखीत, तुरे मात्र ना धड लाल, ना धड फिकट. गावरान पिल्लाने तर लगेच तिच्या बोटाला चोच मारली.

शेवंताने त्यांच्याकडे बघितलं. मग चाचाकडे.

“चाचा… ही तर…”

चाचा चष्मा पुसत राहिला.

“चाळीस वर्षं?” शेवंताने विचारलं. आवाज अगदी हळू.

“हौसाबाई,” चाचा म्हणाला, “पंधरा दिवसांनी ये.”

शेवंताने असील पिल्लू अलगद आत सोडलं आणि फळी लावली. चाचाने घोंगडी खोक्यावर नीट पसरली, तिची सुरकुती हाताने काढली आणि तो बाजूला झाला. सगळ्या वाडीदेखत.

शेवंताने साडीचा घोळ आवरला.

“दमानं बस,” चाचा म्हणाला. “खाली पिल्लं हायती.”