मास्तरांचा डावा पाय

“पण आठ महिन्यांत दोन प्लेटा जातातच कशा, मिस्त्री?”

दाऊद मिस्त्रींनी जळून काळीनिळी झालेली क्लच प्लेट उलटी केली, नाकाशी धरली आणि बाकड्यावर ठेवून दिली.

शिर्के मास्तरांनी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून गेले होते. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी मिस्त्रींची पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी ठोकळ्यांवर उचललेली, तिची गिअरपेटी खाली उतरवलेली. नवी प्लेट खोक्यात तशीच होती. आणि उद्या सकाळी सातला आईला, माईला, घेऊन घाट चढायचा होता.

माईचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनवर धुवावं लागे. ते मशीन घाटापलीकडे. गेल्या खेपेला सातव्या वळणावर गाडीनं जीव टाकला. इंजिन नुसतं ओरडतंय, चाक पुढं सरकत नाही. दीड तास माई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती. पाय सुजून उशीएवढे झालेले, धाप काही खाली बसेना. एका टेम्पोवाल्याला दया आली म्हणून वेळेत पोचले. दोन दिवस झाले, पण ती धाप मास्तरांच्या कानातून जात नव्हती.

“विकणाऱ्यानं फसवलं,” मास्तर म्हणाले. “बायकोसारखी जपलीय म्हणाला होता गाडी.”

“बायकोला विचारायला हवं होतं.”

“थट्टा नको, मिस्त्री. मी विज्ञान शिकवतो. घर्षण काय ते मला ठाऊक आहे. प्लेट ज्यावर घासते ते फ्लायव्हील खराब असणार, नाहीतर प्लेटच हलकी.”

“असेल...”

“मग बसवा ना नवी! वेळ चाललाय.”

“बसवून काय करू?”

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरांना ओळीत उभं करणारा माणूस, पण इथं गरज त्याची होती.

मिस्त्रींनी लुंगीला हात पुसले आणि कोपऱ्यातल्या उघड्या जीपकडे बोट केलं. “हिची प्लेट नऊ वर्षांची आहे. चला, पहिल्या वळणापर्यंत मला सोडा.”

“आत्ता? अहो, गाडी...”

“आत्ता.”

मास्तर चडफडत जीपमध्ये चढले. मिस्त्री शेजारी बसले. चढ लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर रखडत होता. मास्तर त्याच्या मागं थांबले, थोडं पुढं, पुन्हा थांबले. इंजिन गुरगुरत राहिलं. पहिलं वळण यायच्या आतच जळका वास आला... तोच, ओळखीचा.

मास्तरांचं तोंड उतरलं.

“ही जीप कुणी विकली तुम्हाला?” मिस्त्रींनी विचारलं.

ट्रॅक्टर पुढं निघून गेला. मास्तर हलले नाहीत. मान खाली घालून पायाकडे पाहत राहिले. डावा पाय क्लचवर होता. अर्धा दाबलेला, धनुष्यासारखा ताणलेला; आत प्लेट घासतच राहणार.

“किती दिवस ठेवताय तो तिथं?”

मास्तरांनी आरशात मागचा रिकामा रस्ता पाहिला.

“गाडी घेतली त्याच आठवड्यात...” मास्तर हळू आवाजात म्हणाले, “चढावर बंद पडली होती. मागं सरकली. दोन हात सरकली असेल, जास्त नाही. माई मागच्या सीटवर होती. मागं ट्रक. त्यानं हॉर्न दिला, आणि माई ‘रघू’ म्हणाली. एवढंच. ओरडली नाही... तेव्हापासून पाय निघत नाही, मिस्त्री. सपाटीवरसुद्धा निघत नाही.”

मिस्त्रींनी हँडब्रेककडे नजर टाकली.

“हँडब्रेक ओढा.”

ओढला.

“गिअर काढा. इंजिन चालू राहू दे.”

काढला.

मिस्त्री खाली उतरले. जीपला वळसा घालून बरोबर मागं जाऊन उभे राहिले. उतार त्यांच्या पायाशी, जीप त्यांच्या डोक्याशी. मग त्यांनी जीपकडे पाठ केली.

“मिस्त्री, बाजूला व्हा!”

“आता मांडी घाला.”

“काय?”

“पंगतीला बसता तशी. दोन्ही पाय वर.”

“वेड लागलंय का? सरकली तर...”

“जेवायला बोलावलंय का पंगतीत भांडायला?”

मास्तरांच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. आरशात मिस्त्रींची पांढरी टोपी आणि वाकलेले खांदे दिसत होते. म्हातारा सत्तरीचा. घरी त्याचीही माणसं असतील. मास्तरांनी उजवा पाय ब्रेकवरून तसूतसूनं उचलला. जीपनं एक हुंकार दिल्यासारखं केलं... आणि तिथंच राहिली. मग डावा. तो उचलताना त्यांनी डोळे मिटले.

सीटवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, शिर्के मास्तर घाटात बसले. एक एसटी शेजारून गेली. खिडकीतल्या बायका बघून हसल्या. जीप हलली नाही.

“बसलात का?”

“बसलो.”

“आता गाडी वर घ्या. हँडब्रेक शेवटी सोडा. निघालात की डावा पाय क्लचवरून खाली, फळीवर.”

दोनदा इंजिन बंद पडलं. दोन्ही वेळा मिस्त्री जागचे हलले नाहीत, मागं वळले नाहीत. तिसऱ्यांदा जीप निघाली. अगदी सरळ, वासाशिवाय. वळणाच्या वर जाऊन मास्तरांनी ती उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मिस्त्री चालत वर आले. धाप लागली होती.

“माझ्या भरवशावर उभे राहिलात?” मास्तरांनी विचारलं.

“तुमच्या? नाही बुवा. ब्रेकच्या.”

परतल्यावर मिस्त्रींनी खोकं फोडलं. नवी प्लेट पुसली आणि गाडीखाली शिरले. बाहेर नुसते दोन तळवे दिसत होते, ऑइलनं काळे झालेले. पाना फिरल्याचा आवाज येऊ लागला. मास्तर टायरवर बसले. उठले. परत बसले.

“मिस्त्री...”

“पाचला चावी मिळेल.”

“ते नाही हो. आज मागं तुम्ही होतात. तुम्हाला पळता आलं असतं. उद्या मागं माई असेल. ती सीटवरून उठूसुद्धा शकत नाही.” मास्तरांनी डाव्या पायाकडे पाहिलं. “माझ्या या पायाखाली तिचा जीव असतो, मिस्त्री.”

पाना थांबला.

“मग पाय उचला, मास्तर.”